मीठ, कोळसा आणि आण्णा मगदूम

आण्णा मगदूम रोज सकाळी चहाच्या आधी जमिनीला पाणी पाजत.

वर्कशॉपच्या मागच्या भिंतीलगत एक चौकोनी खड्डा होता, वर फरशीचं झाकण. आण्णा तांब्या भरून आणत, झाकण सरकवत, आत मूठभर जाडं मीठ टाकत आणि वरून पाणी ओतत. ओतताना त्यांचे ओठ हलत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस मंत्र म्हणतोय. पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं. जवळ गेल्यावर शब्द ऐकू आले.

"पी, पी. एका रात्रीत कोरडी पडलीस व्हय? पी."

खड्ड्याच्या तळाशी तांब्याची पट्टी पुरलेली होती. तिच्याभोवती कोळसा आणि मीठ. वर्कशॉपमधल्या प्रत्येक यंत्राच्या पत्र्यापासून एक तार निघून त्या पट्टीपर्यंत जात होती. यंत्रात कुठे वीज फुटली तर ती माणसाच्या अंगातून न जाता या तारेने जमिनीत उतरावी, म्हणून केलेली ही सोय. तिला अर्थिंग म्हणतात. जमीन कोरडी झाली की वीज नीट उतरत नाही. एवढं मला डिप्लोमाच्या पुस्तकातून ठाऊक होतं. जमिनीशी बोलायचंही असतं, हे त्यात नव्हतं.

कसबा बावड्याच्या त्या रस्त्याने जाणाऱ्या एका म्हातारीची खात्री पटली की इथे काहीतरी स्थान आहे. एका मंगळवारी खड्ड्याच्या झाकणावर हळदकुंकू आणि दोन जास्वंदीची फुलं सापडली. पुढच्या मंगळवारी आण्णा तिला गाठायला उभेच राहिले.

"म्हातारे, ह्यो देव न्हाय. अर्थिंग हाय."

"असू दे की," म्हातारी म्हणाली. "नवसाला पावतं न्हवं?"

आण्णांनी जरा विचार केला. "पावतं. पर कुंकू घालू नगंस. मीठ घाल. आनि पाणी घाल तांब्याभर."

तेव्हापासून मंगळवारी खड्ड्याला दोन वेळा पाणी मिळू लागलं.

मी त्यांच्याकडे शिकाऊ म्हणून लागले तेव्हा कोल्हापुरात घरोघरी टीव्ही अजून यायचे होते आणि मुलींनी सोल्डरिंग करणं लोकांना गमतीचं वाटत होतं. माझी शाळा कॉन्व्हेंटची. घरी आम्ही मराठीच बोलायचो, पण हळू. बावड्यात कुणीही काहीही बोललं की मला वाटायचं, आपल्यावर ओरडतायत. आण्णांनी माझं नाव कधी घेतलं नाही. "ए कॉन्व्हेंट, पकड दे." "कॉन्व्हेंट, पंखा बंद कर." ग्राहकांशी माझी ओळखही तशीच करून देत. "ही आमची कॉन्व्हेंट. हात चांगला हाय. तोंड अजून चालू झालेलं न्हाय."

आण्णा साठीच्या आसपासचे, हुपरीकडच्या जैन शेतकरी घरातले, अविवाहित. पांढरा पायजमा, चौकडीचा शर्ट आणि पायात ऐन उन्हाळ्यातही रबराचे जाड बूट. दिवस मावळायच्या आत जेवायचं, एवढा एक नियम ते घरच्या धर्मातला पाळत. बाकीचे नियम विजेचे होते.

शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी होल्डरसकट एक छोटा बल्ब असे, त्याला दोन तारा. कुणाच्याही घरी गेले की पाणी घ्यायच्या आधी या तारा प्लगच्या भोकांत घालून बल्ब लागतो का बघायचे. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तिथेही त्यांनी तेच केलं. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली, तेव्हा पाहुणे भिंतीपाशी उकिडवे बसलेले. मुलीच्या वडिलांनी घाबरून विचारलं, "काय झालं पावणं?"

"पोरगी पसंत हाय," आण्णा वळूनही न बघता म्हणाले. "पर तुमच्या घराला अर्थिंग न्हाय. ही पोरगी आजवर जगली कशी?"

लग्न झालं. आहेर म्हणून आण्णांनी व्याह्यांच्या अंगणात खड्डा काढून दिला.

आमचं काम तापमान मोजायची यंत्रं बनवण्याचं होतं. गिऱ्हाईक मुख्यतः साखर कारखाने. साखर काढून उरलेली मळी मोठ्या टाक्यांत साठवतात, आणि ती कधी कधी आपोआप तापत जाते. वेळेवर कळलं नाही तर टाकी फेसाळून उतू जाते. टाकी एका टोकाला, ऑफिस दुसऱ्या टोकाला. म्हणून मोहरीपेक्षा थोडा मोठा असा एक डायोड नळीत घालून टाकीत सोडायचा आणि त्याच्या दोन तारा ऑफिसातल्या मीटरच्या काट्यापर्यंत न्यायच्या. डायोड तापला की त्याच्यावरचं व्होल्टेज कणभर उतरतं. एका अंशाला फक्त दोन मिलिव्होल्ट.

"म्हंजे लांबनं कुनीतरी कुजबुजतंय असं समज," आण्णांनी मला पहिल्या आठवड्यात सांगितलं. "आनि मधी सगळा बाजार भरलाय. मोटरी, वेल्डिंग, ट्यूबलाइट. त्यातनं तुला ती कुजबुज ऐकायची हाय."

त्यासाठी दोन तारांवर तांब्याची विणलेली जाळी चढवायची आणि ती जाळी जमिनीला जोडायची. पण एकाच टोकाला. दोन टोकांना जोडली, तर दोन ठिकाणच्या जमिनी कधीच अगदी सारख्या नसल्यामुळे जाळीतूनच वीज वाहू लागते आणि काटा भलतंच दाखवतो. या एका चुकीने आण्णांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. वर्कशॉपच्या दारावर त्यांनी तेलरंगात लिहून ठेवलं होतं: जाळी एकाच टोकाला जमिनीला जोडावी. दुसऱ्या टोकाला जोडणाऱ्याने दुसरी नोकरी बघावी.

त्यांची आणखी एक सवय मला सुरुवातीला भीतीदायक वाटायची. उकळत्या चहाचा काचेचा ग्लास ते मुठीत धरून पीत. सोल्डरचा वितळलेला थेंब बाकावर पडला की बोटाने पुसून टाकत. मी दचकले की त्यांना मजा वाटायची. मला वाटायचं, नव्या पोरीला घाबरवायला हे चाललंय.

भिंतीवर तपासणीसाठी ओळीने काटे लावलेले होते. प्रत्येकाखाली कारखान्याचं नाव. शेवटच्या काट्याखाली नाव नव्हतं आणि तो कायम सदतिसाच्या आसपास उभा असायचा. ही कुठली टाकी, म्हणून मी विचारलं.

"ती आमची आक्का," आण्णा म्हणाले.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. आण्णांना तिनेच वाढवलं. वर्कशॉपच्या मागच्या खोलीत लोखंडी खाटेवर ती पडून असे. अर्धांगाच्या झटक्यात वाचा आणि उजवी बाजू गेली होती. डाव्या हातात एक स्टीलची वाटी असायची आणि ती खाटेच्या दांडीवर आपटून ती बोलायची. एकदा आपटली म्हणजे पाणी. दोनदा म्हणजे बरं आहे. सलग बडवायला लागली की समजायचं, आण्णांना शिव्या चालल्यात. शिव्या बऱ्याच असायच्या.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, अंथरुणावरच्या माणसाच्या छातीत कफ धरतो, तापावर लक्ष ठेवा. काचेचा थर्मामीटर आक्काने दाताखाली फोडला होता. आण्णांना ते बरंच वाटलं. "पारा काय, लावला तेवढ्यापुरता बोलतोय. ताप काय सांगून येतोय?" त्यांनी एक डायोड कापडी पट्टीत शिवून आक्काच्या काखेत बांधला, तारेवर जाळी चढवली आणि काटा आपल्या बाकासमोर आणून लावला. काम करताना ते दर थोड्या वेळाने मान वर करत. गिऱ्हाइकाशी भांडतानाही करत.

एवढ्यावर थांबले नाहीत. लोखंडी खाट, तीत आपली बहीण, जवळ दिव्याचं बटण. त्यांनी खाटेच्या पायाला जाड तांब्याची तार बांधून ती परसातल्या दुसऱ्या एका खड्ड्यात सोडली. कोल्हापुरात अर्थिंग दिलेली खाट तेवढी एकच असेल. सकाळचा दुसरा तांब्या त्या खड्ड्याला.

शेजारी रज्जाकभाईंचं वेल्डिंगचं दुकान होतं. गेट, खिडक्या, ट्रॉल्या. त्यांच्या ठिणग्या उडायला लागल्या की आक्काचा काटा थरथरत चाळिसाकडे धावायचा. आण्णा आधी मागच्या खोलीत डोकवायचे. "आक्का, बरं हाय न्हवं?" वाटी दोनदा वाजायची. मग आण्णा भिंतीपाशी जाऊन ओरडायचे.

"रज्जाक! तुझ्या अर्थिंगच्या नावानं आंघोळ केली पायजे! माझा काटा नाचाय लागलाय!"

"नाचतोय तर चाळ बांधा की त्येच्या पायात!"

"लेका, तुझं वेल्डिंग आमच्या आक्काला ताप आनतंय!"

"ताप आला असंल तर डाक्टर बोलवा आण्णा. मला कशाला बोलावताय?"

मग आण्णा खड्ड्यात पाणी ओतायचे. तेवढ्यात रज्जाकभाईंचं गेट जोडून व्हायचं, वेल्डिंग थांबायचं आणि काटा जागेवर यायचा. आण्णा विजयाने माझ्याकडे बघायचे. "बघितलंस? तहानली हुती."

हे इतक्या वेळा झालं की काटा वर गेला म्हणजे खड्डा कोरडा पडला, अशी त्यांची पक्की समजूतच झाली.

चैत्र लागला. जोतिबाची यात्रा आली. गुलालाने माखलेले ट्रक चांगभलं करत रस्त्यावरून जात होते. रज्जाकभाईंचे सगळे कामगार डोंगरावर गेलेले, त्यामुळे शेजारचं दुकान दोन दिवस बंद होतं. रस्त्यावरचा आवाज सोडला तर आमच्या बाजूला सामसूम. पहिल्या दिवशी दुपारीच काटा थोडा वर सरकला होता. आण्णांनी जास्तीचं मीठ घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा तो आणखी वर होता आणि आण्णा पहार घेऊन खड्डा उकरत होते.

"उन्हानं पार भाजून निघालीया जमीन," ते म्हणाले. "कोळसाच बदलतो."

मी काट्यासमोर उभी राहिले. रोजच्यासारखा तो थरथरत नव्हता. एका जागी ठाम होता, आणि बघता बघता आणखी जरासा वर गेला.

मी बाहेर जाऊन म्हटलं, "आण्णा, हा नाचत नाहीये. चढतोय."

"कोळसा पडला की उतरंल."

"पण आज वेल्डिंग बंद आहे."

"मग कुठंतरी मोटर चालू असंल! शिकवाय लागलीस व्हय मला? त्या पोत्यातला कोळसा आन."

मी पोतं आणलं. ते आत ओतत असताना माझ्या लक्षात आलं की सकाळपासून वाटी वाजलेली नाही. मी मागच्या खोलीत गेले.

आक्काचे डोळे अर्धवट मिटलेले होते. वाटी उशीशी पडली होती. श्वास घेताना छातीत काहीतरी घासल्यासारखा आवाज येत होता. मी तोवर तिला कधी हात लावला नव्हता. मी कुणालाच सहजी हात लावत नाही. आमच्या घरी तशी रीतच नाही. मी तळवा आक्काच्या कपाळावर ठेवला आणि लगेच काढून घेतला. मग पुन्हा ठेवला, खात्रीसाठी.

खड्ड्यापाशी जाऊन मी म्हटलं, "आण्णा, आक्कांना ताप आहे. खूप."

"अगं, काटा..."

"काटा नाही. मी हात लावून बघितला. तुम्ही बघा पाहिजे तर."

आण्णा उठून आत आले. खाटेशी उभे राहिले. कोळशाने काळे झालेले हात त्यांनी पायजम्याला पुसले, आणि तसेच समोर धरून बघत राहिले.

"ह्या हातांनी कसं बघू?" ते म्हणाले. "ह्यांना काय कळतंय?"

मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं. तरुणपणी कुठल्याशा गिरणीत त्यांनी एका पॅनेलचं दार उघडायला हात लावला होता. अर्थिंग कुणी दिलंच नव्हतं. दोन्ही हात चिकटले. जीव वाचला, पण कोपरापर्यंत हात बधिर झाले. गरम नाही, गार नाही. "किती म्हयनं हिनं घास भरवला मला. जेवन गरम हाय का गार, हीच सांगायची. आता हिला काय व्हतंय ते मला कळाय पायजे म्हनून तर ती तार वढली."

रज्जाकभाई घरीच होते. मी भिंतीवरून हाक मारली. माझा आवाज इतका मोठा निघू शकतो, हे मला तेव्हाच कळलं. त्यांनी टेम्पो काढला. त्यांनी आणि आण्णांनी गादीसकट आक्काला उचललं.

दवाखान्यात डॉक्टरांनी छाती तपासून विचारलं, "कधीपासून आहे ताप?"

"कालच्या दुपारपासनं काटा वर हुता," आण्णा म्हणाले.

"काटा? मग कालच का नाही आणलं?"

"मी अर्थिंग बघत हुतो."

आण्णांनी खालीसुद्धा बघितलं नाही. रबराच्या बुटांवर कोळशाची भुकटी होती, ती पांढऱ्या फरशीवर सांडत होती.

आक्का दवाखान्यातून परत आली नाही.

दिवस झाल्यावर आण्णांनी मागची खोली आवरायला घेतली. मी चादरींच्या घड्या करत होते. खाटेच्या दांडीशी वाकलेले आण्णा बराच वेळ वर आले नाहीत, म्हणून मी बघितलं. डायोडच्या तारेवरची जाळी, वाटी आपटून आपटून दांडीच्या ज्या जागेचा रंग उडाला होता, नेमकी तिथे घासून उसवली होती. तिची तांब्याची टोकं उघड्या लोखंडाला चिकटली होती. जाळी वर्कशॉपच्या खड्ड्याला जोडलेली. खाट परसातल्या खड्ड्याला. म्हणजे जाळी दोन टोकांना जमिनीत गेली होती, आणि काट्याला नाचवत होती ती खुद्द आण्णांनी बांधलेली तार. खड्ड्याच्या तहानेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. रज्जाकभाई वेल्डिंग करताना या चुकीच्या वाटेने वीज आत यायची. वेल्डिंग बंद होतं त्या दोन दिवसांत काटा खरं बोलत होता.

आण्णांनी पकड मागितली. या वेळी कॉन्व्हेंट म्हणाले नाहीत. खाटेच्या पायाची जाड तार त्यांनी कापली आणि तिची गुंडाळी करून कोपऱ्यात ठेवली. दारावरच्या तेलरंगातल्या अक्षरांकडे त्यांनी एकदा वर बघितलं आणि कामाला बसले.

शेवटचा काटा त्यांनी काढला नाही. तो आता रिकाम्या खोलीचं तापमान दाखवायचा. सकाळी वर्कशॉपच्या खड्ड्याला पाणी मिळत राहिलं, मीठही. फक्त ओठ हलायचे थांबले. मंगळवारच्या म्हातारीने एकदा मला विचारलं, "तुमचं म्हाताराबाबा गप झाल्यात काय गं?" मी हो म्हटलं. तिने त्यांच्या वाटणीचा आणखी एक तांब्या ओतला.

थंडीच्या दिवसांत एकदा मी कणकण असताना कामावर आले. काम अडलं होतं आणि सांगायची सवय नव्हती. शाल गुंडाळून सोल्डरिंग करत बसले. दोन जोड बिघडले. आण्णा मागच्या खोलीत गेले आणि डायोडची ती पट्टी तारेसकट ओढत घेऊन आले. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली.

"काखेत धर," असं म्हणून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मी पट्टी धरली. इतके महिने खोलीच्या गारव्यात उभा असलेला शेवटचा काटा हलला आणि वर निघाला. सदतीस ओलांडलं. आण्णांनी काचेवर टिचकी मारून बघितली. काटा थरथरत नव्हता. ते मागच्या दाराकडे गेले. मला वाटलं, तांब्या घ्यायला. तांब्या तिथेच होता. त्यांनी तो उचलला नाही. भिंतीपाशी जाऊन त्यांनी हाक मारली, भांडणातली नव्हे.

"रज्जाक, तुझ्या आईला जरा पाठीव की. पोरीच्या कपाळाला हात लावून बघाय पायजे."

"काटा काय म्हनतोय आण्णा?"

"म्हनतोय ते म्हनू दे. हाताला कळनारं मानूस पायजे."

रज्जाकभाईंची आई, जिला सगळे चाची म्हणत, भाकरी थापता थापता उठून आली. हाताला पीठ होतं, म्हणून तिने उलटा हात माझ्या कपाळावर ठेवला, मग गळ्याशी.

"या अल्ला, पोरीची भट्टी झालीया," ती म्हणाली. "आण्णा, हिला घरी सोडा. रज्जाकला टेम्पो काढाय सांगते."

आण्णा जागेवरून हलले नाहीत. दोन्ही हात पाठीमागे धरून ते तिच्या त्या पिठाच्या हाताकडे बघत होते.

"चाची," त्यांनी हळू विचारलं, "कसं लागतंय गं हाताला?"

चाचीला आधी प्रश्न कळला नाही. मग कळला असावा. तिने हात पुन्हा माझ्या कपाळावर ठेवला आणि जरा वेळ तसाच राहू दिला.

"तवा चुलीवरनं उतरून ठेवलाय बघा," ती म्हणाली, "आनि लई वेळानं कडंला हात लागला. तसं."

आण्णांनी मान हलवली, आणि आणखी काही सांगेल म्हणून तिच्यासमोर उभेच राहिले.